अर्थिंगला पाणी

सुजाता, परवा तुझ्या जलदानाला मला मागच्या रांगेत जागा मिळाली आणि तिथूनच माझं बिनसलं. मीरा रोडला तुमच्या सोसायटीच्या गच्चीवर मांडव घातला होता. पुढे तुझी आई, भाऊ, भावजय. ते ठीकच आहे, त्यांच्याशी माझी बरोबरी नाही. पण त्यांच्या मागे स्टीलच्या कारखान्यांचे शेठ, शेठांच्या मागे तुझ्या हाताखाली शिकलेल्या मुली, मग सोसायटीचे सेक्रेटरी, आणि मग मी. जिने तुझ्याबरोबर पहिला कॉम्प्युटर खोक्यातून बाहेर काढला ती मी, सेक्रेटरींच्या टकलाच्या मागे. तू असतीस तर वळून बघितलं असतंस आणि तोंडावर पदर घेऊन हसली असतीस.

बौद्धाचार्यांनी वंदना घेतली, सगळ्यांनी पंचशील म्हटलं. मला फक्त ओठ हलवता आले. इतकी वर्षं तुझ्या शेजारच्या खुर्चीवर बसले, पण ते शब्द कधी शिकून घेतले नाहीत. माझ्या पुढच्या मुलींना मात्र सगळे पाठ होते. मग एकेक जण बोलायला उभा राहिला. "आमच्या सुजाताताई", "आमच्या मॅडम", "माझी मैत्रीण". प्रत्येकाकडे तुझी एक गोष्ट होती, आणि त्यातल्या अर्ध्या गोष्टी मला वाटत होतं की फक्त माझ्याकडे आहेत. माणसं रडत होती, आणि मला रडू यायच्या आधी राग येत होता. खरं सांगू? माझ्या पोटात दुखत होतं. तुझ्या जाण्याचं दुःख इतक्या लोकांत वाटलं गेलं की माझ्या वाट्याला काय उरलं, तेच मी तिथे बसून बघत होते.

ही पोटदुखी जुनी आहे, तुला माहीत आहे. ती आली खोक्यातल्या कॉम्प्युटरबरोबरच.

नव्वद साल अजून उजाडायचं होतं. भाईंदर पूर्वेला जयंतीभाईंचा भांड्यांचा कारखाना होता, त्यावरच्या माळ्यावर त्यांनी आपल्याला एक खोली दिली. खाली ताटं, वाट्या, डबे पॉलिश होत आणि ती काळी बारीक धूळ जिना चढून आपल्या टेबलापर्यंत येई. आपण दोघी एकाच क्लासमधून प्रोग्रामिंग शिकून बाहेर पडलेल्या. मी गिरगाव सोडून लग्नानंतर सतीशबरोबर मीरा रोडला आलेली, तू आईवडिलांबरोबर जालन्याकडून. काम एवढंच होतं की पत्रा किती आला, त्यातून भांडी किती निघाली आणि कतरण किती उरली, ते सगळं कॉम्प्युटरवर आणायचं. मला ते सोपं वाटत होतं. क्लासमध्ये सगळ्यात आधी प्रोग्राम चालायचा तो माझा, हे तुलाही ठाऊक होतं.

मशीन लागलं त्या दिवशी मी खुर्ची ओढून सुरूच केलं. तू कॅबिनेटला हात लावलास आणि झटकन मागे घेतलास.

"झिणझिण्या येतायत गं. अर्थिंग नाहीये याला."

"मग रबरी चप्पल घालून बस," मी म्हटलं. मी स्वतः तशीच बसले होते. अर्धा प्रोग्राम त्या दिवशी मी पावलं चपलेत घट्ट ठेवून लिहिला, आणि मला त्याचा अभिमान होता.

तू एक ओळ लिहिली नाहीस. तू वायरमनला बोलावलंस, गाळ्यामागे खड्डा खणून घेतलास. त्यात तांब्याची पट्टी उभी करायची, भोवती कोळसा आणि जाडं मीठ भरायचं, आणि खड्डा कायम ओला ठेवायचा. म्हणजे भटकी वीज जमिनीत जाते, आपल्या बोटांत येत नाही. मीठ आणायला आपण रिक्षा करून मुर्ध्याला गेलो. तिथे मिठागराच्या कडेला एक बाई पोती शिवत बसली होती. तिने आपल्या पर्सेस बघितल्या, साड्या बघितल्या.

"एवरं मीठ कशाला गो? घरात लगीन हाय का?"

"नाही मावशी, कॉम्प्युटरला लागतं," तू म्हणालीस.

"त्यो मीठ खातो?"

"खातो की. आणि पाणीपण पितो."

ती इतकी हसली की तिने एक पाटी वरून घातली. मी तेव्हा रिक्षात बसून राहिले होते. मला लाज वाटत होती. इंजिनाचं काम शिकलेला माणूस पहिल्या दिवशी कोळसा फोडत बसला तर कसं दिसेल, तसं मला आपलं दिसत होतं. आणि तू त्या बाईशी दोन मिनिटांत अशी बोलत होतीस जशी मी माझ्या सख्ख्या नणंदेशी कधी बोलले नाही.

मग ते पाणी. दर सोमवारी सकाळी मशीन चालू करायच्या आधी तू खाली जाऊन खड्ड्यात बादलीभर पाणी ओतायचीस. आपल्या भाईंदरमध्ये! जिथे नळाला पाणी येणार का, हा घराघरातला पहिला प्रश्न, जिथे टँकर आला की बायका हातातलं लाटणं टाकून धावायच्या. जयंतीभाई वरच्या खिडकीतून ओरडायचे.

"सुजाताबेन, इथे माणसाला पाणी नाय, आणि तुमी खड्ड्याला पाजते?"

"शेठ, खड्डा प्यायला तर मशीन नीट चालेल."

"माझी मशीन तर पाणी नाय मागत."

"तुमची मशीन खोटं बोलत नाही, शेठ. आमची बोलते."

पॉलिशवाल्यांना वाटायचं तू तिथे कसलं तरी झाड लावलंयस. एकाने विचारलंही, "मॅडम, कुछ उगा क्या?" तू म्हणालीस, "अभी नहीं, पर जड़ पकड़ रहा है।"

एकदा मी तुला चिडून विचारलं की हे दर सोमवारी कशासाठी, मशीनला झिणझिण्या तर आता येत नाहीत. तू बादली पालथी घालत म्हणालीस, "जमीन ओली असली की मला कळतं, दोष विजेचा नाही. म्हणजे दोष आपला. मग शोधायला सोपं जातं." हे तू इतक्या साध्या आवाजात म्हणालीस, जणू भाजी निवडत होतीस. मला दोष शोधणं जमायचं, पण तो आपला निघावा म्हणून कोणी आधीपासून तयारी करतं, हे माझ्या डोक्यातच शिरत नव्हतं.

बाकी तुझं सगळं तसंच होतं. प्रत्येक वायरीला पांढरी चिकटपट्टी आणि त्यावर नाव. फ्लॉपीचे संच तीन रंगांचे, त्यातला एक रोज पर्समधून तुझ्या घरी जायचा, कारण कारखान्याला आग लागली तर? प्रोग्रामच्या डोक्यावर कोणी, कधी आणि का बदल केला ते लिहायचं. प्रोग्राम तयार करायला एकच आज्ञा, ती एका बॅच फाइलमध्ये, म्हणजे एका बटणावर सगळं होतं आणि कोणी आजारी पडलं तरी दुसऱ्याला करता येतं. मी म्हणायचे, "आपण दोघीच आहोत गं. हा एवढा थाट कोणासाठी?" तू म्हणायचीस, "तू सोमवारची वेगळी असतेस, शनिवारची वेगळी. मीपण तशीच. म्हणजे आपण चौघी झालो."

आणि नावांवरून तर आपलं रोज जुंपायचं. मी कतरणीच्या वजनाला नुसतं 'के' म्हणायचे. तू तिथे इंग्रजी अक्षरांत अख्खं 'कतरण' लिहायचीस. "मला माहीत आहे के म्हणजे काय," मी म्हणायचे. "तुला आत्ता माहीत आहे," तू म्हणायचीस. हा वाद आपण कधी मिटवला नाही. परवा गच्चीवर बसल्याबसल्या मला त्यावर एक झकास उत्तर सुचलं, आणि ते द्यायला तू समोर नाहीस याचा मला भयंकर राग आला.

माझ्या घरातही तू शिरली होतीस. सतीश एकदा तुमच्याकडे इस्त्री दुरुस्त करायला म्हणून गेला आणि परत येऊन आठवडाभर तुझंच पुराण. "सुजाताकडे बघ, मेन स्विचपाशी लिहून ठेवलंय कुठलं बटण कशाचं. आपल्याकडे अंदाजाने चाचपडायचं." मी त्याला म्हटलं, मग तिकडेच राहा, दिवा लावायला सोपं जाईल. तो हसला. मी नाही हसले. तुझ्या आईने माझ्या हातच्या पुरणपोळीची तारीफ केली होती, त्या एकाच गोष्टीत मी तुझ्या पुढे होते, आणि ती मी पुरवून पुरवून वापरली.

पण खरी पोटदुखी म्हणजे डब्यांचं प्रकरण. एका महिन्यात कतरण कमी भरायला लागली. पत्र्याचं वजन आणि भांड्यांचं वजन वजा केलं की जेवढी कतरण उरायला हवी, त्याहून प्रत्यक्षात कमी उरायची. जयंतीभाई कतरण उचलणाऱ्या माणसाकडे संशयाने बघायला लागले. तो बिचारा यादव रोज टोपी काढून शपथा घ्यायचा. शेठ वर आले तेव्हा मी लगेच म्हटलं, "शेठ, व्होल्टेज वरखाली होतंय. मशीन आकडे खातं." आणि तू माझ्याकडे न बघता म्हणालीस, "नाही शेठ. आजच पाणी घातलंय. आकडे आमचेच चुकलेत. यादवला काही बोलू नका."

दुपारपर्यंत तू शोधलंस. डब्याचं वजन झाकणासकट धरलेलं होतं, आणि त्याच वेळी झाकणांचं वजन वेगळंही धरलं जात होतं. त्यात चिन्ह उलटं लागलं होतं, म्हणून ते दुसरं वजन वजा व्हायच्या ऐवजी मिळवलं जायचं आणि उरायची कतरण कागदावर जास्त दिसायची. तो भाग तुझा होता. मी लिहिलेलाच नव्हता! मला इतकं बरं वाटलं की मी चहा मागवला. आणि तू सरळ खाली गेलीस, सगळ्या पॉलिशवाल्यांसमोर यादवला म्हणालीस, "भैया, गलती मेरी थी." मग शेठना झाकणाचं सगळं समजावून सांगितलंस.

मी जिन्यात उभी राहून वाट बघत होते की आता शेठ तुला फाडून खाणार. जयंतीभाई म्हणाले, "इतक्या वर्षांत माझ्याकडे कोणी असं बोलला नाय की चूक माझी. सगळे बोलते लाइट गेला." आणि त्यांनी त्यांच्या भावाच्या कारखान्याचं कामही तुला दिलं, त्यासाठी दुसरं मशीनही घेतलं. चूक तुझी, आणि शाबासकीही तुझीच! मी चूक केली नव्हती, तर माझ्याकडे कोणी बघितलंसुद्धा नाही. तो चहा मी तसाच ठेवला, साय धरेपर्यंत.

दुसऱ्या दिवशी तू काय केलंस आठवतं? 'झाकण' हे नाव फसवं आहे म्हणालीस, आणि सगळ्या प्रोग्राममध्ये जिथे जिथे ते होतं तिथे बदलत बसलीस. अख्खा दिवस. मी म्हटलं, चूक निघाली ना, आता नाव राहू दे. तू म्हणालीस, "नावानेच फसवलं. तेच ठेवलं तर पुन्हा फसवेल." हा दिवस लक्षात ठेव, मला पुढे लागणार आहे.

मग मी अंधेरीला गेले. मोठी कंपनी, थंडगार हॉल, हायवेने कंपनीची बस. तिथे पहिल्याच महिन्यात सगळ्यांना एका खोलीत बसवून चांगलं काम कसं करायचं ते शिकवलं. परदेशातून आलेल्या गृहस्थांनी पडद्यावर दाखवलं की प्रोग्रामच्या डोक्यावर बदलाचं कारण लिहावं, नावं अर्थाची असावीत, प्रती दुसऱ्या जागी ठेवाव्यात, आणि तयार करायची आज्ञा एकच असावी. सगळे वहीत उतरवून घेत होते. मी मागे बसून जांभया देत होते, कारण हे सगळं मी भांड्यांच्या कारखान्यावर ऐकून वैतागलेली होते. वर्षाअखेरी मला शिस्तशीर कामाबद्दल प्रशस्तिपत्र मिळालं. सतीशने ते चौकट करून भिंतीवर लावलं. तू घरी आलीस तेव्हा मी ते काढून कपाटात ठेवलं होतं. भिंतीवरचा रिकामा खिळा मात्र तू बघितलास. त्या प्रशस्तिपत्रावर माझं नाव होतं आणि सवयी तुझ्या होत्या. तरी सांगते, आभार मानावेत असं मला तेव्हा वाटलं नाही. आत्ता वाटतंय. त्या सवयींवर माझं घर चाललं, मुलाची शाळा झाली. पण तेव्हा फक्त वाटलं की ही इथेही माझ्या आधी येऊन बसली आहे.

त्याच दिवशी मी तुला म्हटलं होतं, "आमच्याकडे जागा आहे. ये ना. इथे कोण बघतंय तुझं काम?" तू म्हणालीस, "मग अर्थिंगला पाणी कोण घालेल?" आणि हसलीस. मला किती बरं वाटलं म्हणून सांगू. तू अंधेरीला आली असतीस तर चार दिवसांत तो गोरा माणूससुद्धा तुलाच विचारायला लागला असता.

या पावसाळ्याआधी तुझा फोन आला. "एकदा येऊन जा गं. दुसऱ्या मशीनचं काय करायचं ते ठरवायचंय." मी म्हटलं, "बघते." नेहमीचंच बघते. मग कावीळ, मग तिचं पोटात उतरणं, मग हॉस्पिटलच्या खिडकीपाशी तू डोळे मिटून पडलेली. तेव्हा मी बोलले, पण तू ऐकलंस की नाही, कळायला मार्ग नाही. तुझी आई म्हणाली, "बोल बाई, बोल. तिला समदं कळतंय." दुसऱ्या मशीनचं मी विचारलंच नाही.

त्या मशीनवर काय होतं, ते मला परवा कळलं. वंदना झाली, तुझ्या भावाने तांब्यातून धार धरली, भांडं भरून पाणी ताटात वाहिलं, आणि लोक उठायला लागले. तेव्हा त्या मुलींमधली एक माझ्याकडे आली. अश्विनी नाव तिचं, रडून डोळे सुजलेले.

"तुम्ही विद्याताई ना? आम्ही सगळ्या तुमच्यातच काम करतो."

मला काही समजेना. मग तिने सांगितलं. दुसऱ्या मशीनवर पहिल्या दिवशी तू माझ्या कामासाठी एक वेगळी जागा केली होतीस, माझ्या नावाची डिरेक्टरी. मी गेल्यावर ज्या ज्या मुली आल्या त्या सगळ्यांचं काम त्याच डिरेक्टरीत ठेवलं जायचं. सकाळी येऊन आधी 'विद्या' टाइप करायचं, मगच पुढे.

"मी एकदा ताईंना म्हटलं, नाव बदलूया ना, त्या तर गेल्या सोडून. तर ताई म्हणाल्या, बॅच फाइलींत सगळीकडे तेच आहे, कुठे बदलत बसतेस. राहू दे."

सुजाता, हे तू मला सांगू नकोस. 'झाकण' बदलायला जिने अख्खा दिवस घातला, तिला दोन-चार फाइलींत एक नाव बदलायचा कंटाळा? फसवं नाव एक दिवससुद्धा न ठेवणारी तू. मी तिथे नव्हते आणि नाव माझं होतं, याहून फसवं काय असतं? की तुझ्या हिशोबाने ते फसवं नव्हतं? हे मला विचारायचं होतं, आणि तू नेमकी आत्ता नाहीस. त्या मुली रोज सकाळी माझं नाव लिहून तुझ्या शेजारी बसायच्या. मी तुझ्या शेजारी नव्हते. अश्विनी हुंदके देत होती, मी तिच्या पाठीवरून हात फिरवला, आणि त्या हातात प्रेम किती होतं आणि हेवा किती, ते मला वेगळं करता आलं नाही.

काल सोमवार होता. रजा टाकली आणि सकाळीच भाईंदरला गेले. मनाशी ठरवलं होतं की गच्चीवर ज्याला जे बोलायचं ते बोलू दे, पण हे काम फक्त माझं आहे. तो खड्डा खणताना दुसरं कोण होतं तिथे? मीठ आणायला रिक्षात कोण होतं? कारखान्याच्या नळाला पाणी नव्हतं, म्हणून शेजारच्या चहावाल्याला गळ घालून बादलीभर घेतलं आणि साडी सावरत गाळ्यामागे गेले.

खड्डा ओला होता.

नुसता ओला नाही, वर पाण्याचं तळं साचलेलं आणि कडेला बुडबुडे येत होते. आत्ताच कोणीतरी ओतलेलं. मी बादली घेऊन तशीच उभी राहिले. मागून पायऱ्यांवर चप्पल वाजली. जयंतीभाई होते, हातात रिकामी बादली, धोतराचा काठ भिजलेला. मला बघून ते ओशाळले.

"ते काय हाय विद्याबेन, टँकर आला होता. थोडं पाणी उरलं."

भाईंदरला टँकरचं पाणी उरलेलं मी आयुष्यात कधी ऐकलं नाही. हे त्यांना माहीत होतं, आणि मलाही माहीत आहे हेही त्यांना ठाऊक होतं. त्यांनी चष्मा काढला आणि पुसायला लागले. मला त्यांचासुद्धा हेवा वाटला, सुजाता. हा माणूस वर्षानुवर्षं खिडकीतून तुझ्यावर ओरडला आणि माझ्याआधी येऊन पाणी घालून गेला.

"आता आणखी घातलं तर चालेल?" मी विचारलं. हे मला तुला विचारायचं होतं, पण तिथे तेच होते.

ते म्हणाले, "सुजाताबेन बोलायची, पाणी जास्त झालं तर बिघडत नाय. कमी झालं तर बिघडते."

तू हे त्यांना सांगितलं होतंस. मला कधी सांगितलं नव्हतंस. मी बादली उचलली आणि सगळी ओतली.